खातं बंद करण्याआधीची बेबाकी

बीड आणि लातूर जिल्ह्यांच्या हद्दीवरच्या एका बाजारगावातून हे पत्र आलं आहे. लिहिणारे ४३ वर्षांचे, गावात कृषी सेवा केंद्र चालवतात. २०११ पासून फेसबुकवर आहेत. पाऊसपाणी, मोंढ्यातले भाव, कधी चार ओळींची कविता असं लिहीत आले. लोकसभेच्या निकालाच्या रात्री, ४ जून २०२४ ला, आरक्षणावरून पेटलेल्या वादात त्यांनी शाळेपासूनच्या मित्राच्या पोस्टखाली त्याच्या समाजाविषयी एक वाक्य लिहिलं. मित्र गप्प राहिला, त्याच्या मुलानं उत्तर दिलं. सकाळपर्यंत त्या वाक्याचा स्क्रीनशॉट गावातल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होता. तीन-चार दिवसांत मृग निघाला आणि बी-बियाण्यांच्या ऐन गर्दीत त्या समाजाचं गिऱ्हाईक दुकानाकडे फिरकलं नाही. मित्राशी बोलणं बंद झालं ते आजतागायत. यंदा दिवाळीनंतर मुलीचा साखरपुडा झाला, मित्र आला नाही. आता त्यांना फेसबुकचं खातं कायमचं डिलीट करायचं आहे. मुलगा म्हणतो, "नुसतं डिॲक्टिव्हेट करा." बायको म्हणते, "खातं बंद करून काय होतंय, तोंड बंद ठेवा." त्यांचा प्रश्न असा: एकदाचं सगळं पुसून टाकावं का, आणि टाकलं तर माणसं विसरतील का?

नमस्कार.

वहिनींचं वाक्य वाचून मी मोठ्यानं हसले. हे सदर महिनाभर त्यांच्याकडे सोपवावं असं मनात आलं. पण त्यांच्या सल्ल्यातही एक खोट आहे, ती पुढे सांगते.

तुम्ही कोणत्या समाजाचे आणि मित्र कोणत्या, हे तुम्ही लिहिलंय. मी ते मुद्दाम गाळलं. गेल्या दोन वर्षांत आपल्याकडे नावं इकडची तिकडे करून हेच पत्र दोन्ही बाजूंनी लिहिता आलं असतं. लिहिलं गेलंही आहे. माझ्याकडे दोन्ही आहेत.

पत्रात "पुसून टाकायचं" हे शब्द पाच वेळा आलेत. चार वेळा खात्याबद्दल. पाचव्यांदा तुम्ही लिहिता, "कधी कधी वाटतं, स्वतःलाच पुसून टाकावं." हे तुम्ही वैतागून लिहिलं असेल आणि पुढच्याच ओळीत हरभऱ्याच्या बियाण्याच्या भावाकडे वळलाही असाल. तरी आपल्या भागात राहून असं वाक्य वाचायचं आणि पुढे जायचं, हे मला जमत नाही. म्हणून सरळ विचारते: हा विचार रात्री परत येतो का? येत असेल तर फेसबुकचं नंतर बघू. आज वहिनींना सांगा, आणि १४४१६ या टेलीमानसच्या नंबरावर फोन लावा. मनातलं बोलायची सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. येत नसेल तर चांगलंच, पुढे वाचा.

माझे वडील लातूरच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम होते. लाल कापडात बांधलेल्या लांबट वह्या, आणि त्यांचा एक नियम: चुकीची नोंद खोडायची नाही. पन्नास पोत्यांच्या जागी पंधरा लिहिली गेली तरी त्यावर रेघ नाही की खाडाखोड नाही. खाली त्या दिवसाची तारीख घालायची, उलट नोंद करायची आणि पुढे जायचं. मी लहानपणी विचारलं होतं, एवढा उपद्व्याप कशाला, रबरानं पुसा की. ते म्हणाले, "पोरी, शेतकऱ्याला वाचता नसंल येत, पण खोडलेलं दिसतं."

मराठीत आपण अकाउंटलाही खातंच म्हणतो, त्यामुळे माझं काम सोपं झालंय. तुमच्या दुकानातही उधारीची वही असणार. मृगाला नेलेलं बी-खत सोयाबीन विकून दिवाळीत फेडणारं निम्मं गाव त्यात असेल. उद्या त्यातलं कुणी येऊन म्हणालं, "शेठ, माझं खातं बंद करा," तर तुम्ही पान फाडून देता की आधी बाकी बघता? सोसायटीची बेबाकी आणल्याशिवाय बँक पुढचं कर्ज देत नाही, हे तुमच्या गिऱ्हाइकांइतकं कुणाला ठाऊक असणार! बाकी उरली नाही, म्हणजे बेबाकी. तुमच्या सबंध पत्रात खातं बंद करायची घाई आहे, बेबाकीचा विषय मात्र एकदाही निघालेला नाही.

आता डिलीट केल्यावर खरोखर काय होतं ते बघू. तुमच्या मनात त्याचं चित्र पाटी पुसल्यासारखं आहे, आणि तसं ते नाही.

फेसबुकचं खातं कायमचं डिलीट करायला सांगितलं की ते लगेच जात नाही. ३० दिवस थांबतं. या मुदतीत तुम्ही परत लॉगिन करून निर्णय रद्द करू शकता. (पुष्कळ लोकांचं डिलीट इथंच अडतं. सातव्या-आठव्या दिवशी, "कुणी काय बोललं का ते बघावं" म्हणून डोकावतात आणि राहतात.) ३० दिवस उलटले की परतीची वाट बंद. त्यानंतर त्यांच्या यंत्रणेतून सगळं निघायला सुरुवातीपासून ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. तुमच्या पोस्ट, फोटो, व्हिडिओ आणि इतरांच्या पोस्टखालच्या तुमच्या कमेंट जातात. पण तुम्ही मेसेंजरवर ज्यांना जे पाठवलं ते त्यांच्याकडे राहतं. आणि स्क्रीनशॉट? तो फेसबुकचा नाहीच. तो गावातल्या दोन-चारशे फोनमध्ये आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं कंपन्यांकडे असलेली आपली माहिती पुसून मागायचा हक्क मान्य केलाय, पण शेजाऱ्यानं स्वतःपुरत्या जपलेल्या चित्राला तो कायदा लागत नाही. व्हॉट्सॲपवर 'सगळ्यांसाठी डिलीट' करायची सोय असते ती ज्यानं संदेश पाठवला त्याला किंवा ग्रुपच्या ॲडमिनलाच, आणि तीही दोन दिवसांच्या थोडी पुढेपर्यंतच. तुमच्या वाक्याला तर दीड वर्ष झालं.

म्हणजे खातं उडवल्यावर तुमच्याकडची वही जाईल आणि समोरच्याची तशीच राहील. मूळ वाक्याखाली तुम्हाला काही लिहायचं झालं, तर ती जागाही उरणार नाही. मित्रानं उद्या स्क्रीनशॉट उघडला तर त्याला तुमचं नाव, तुमचा फोटो आणि ते वाक्य दिसेल. त्यापुढे काहीच नसेल.

मुलगा सांगतो ते डिॲक्टिव्हेट म्हणजे दुकानाचं शटर खाली ओढणं. माल आत तसाच. तुमचं पान कुणाला दिसत नाही, हवं तर मेसेंजर चालू ठेवता येतं, आणि मनात येईल तेव्हा परत येता येतं. परीक्षा, आजारपण, निवडणुकीचे दोन महिने यासाठी हे उत्तम. तुम्हाला मी ते सुचवणार नाही. तुमच्या हाताला रात्री अकरानंतर खाज सुटते, हे तुम्हीच लिहिलंय, आणि शटर वर करायला एक पासवर्ड पुरतो. नुसतं ॲप काढून टाकणं म्हणजे तर काहीच नाही. खातं जागेवरच राहतं, फक्त आपल्याला दिसत नाही.

तेव्हा डिलीट करा, असंच माझं मत आहे. १३ वर्षांचं लिहिणं एका रात्रीत अशा थराला गेलं, याचा अर्थ ती जागा आता तुम्हाला मानवत नाही. पण त्याआधी तीन बाक्या आहेत. त्यातल्या दोन सोप्या आहेत.

पहिली वडिलांची. तुम्ही अगदी सहज लिहून गेलात की २०१९ च्या हुरड्याचा वडिलांचा व्हिडिओ फेसबुकवरच आहे, ज्या फोननं काढला तो फोन बिघडला, आणि वडील २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. अहो, मग तो व्हिडिओ दुसरीकडे कुठेच नाही! आणि तुम्ही "एकदाचं सगळं पुसून टाकावं का" विचारताय!

इथे मला माझंच सांगू द्या. फेसबुकसारखंच जुनं ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. ही तारीख आम्हा लातूरकरांच्या लक्षात राहते, कारण १९९३ साली याच तारखेला पहाटे भूकंपानं किल्लारी हादरली. माझा धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला होता, रोज दोन ओळींचे स्क्रॅप टाकायचा: "ताई, आज मेसमध्ये शेंगाची चटणी होती, पण तुझ्यासारखी नाही." २०१२ मध्ये तो अपघातात गेला. ऑर्कुट बंद होणार हे मला माहीत होतं. आपलं लिखाण-फोटो उतरवून घ्यायला नंतरही दोन वर्षं, २०१६ पर्यंत, मुदत होती. मी "बघू पुढं" म्हणत राहिले. चूक माझीच. चटणीचं वाक्य पाठ आहे म्हणून ते तरी उरलं, बाकीची गेली.

म्हणून आज रात्रीच हे करा. फेसबुकच्या सेटिंगमध्ये 'अकाउंट्स सेंटर' आहे. तिथे 'युवर इन्फर्मेशन अँड परमिशन्स'मध्ये आपली माहिती डाउनलोड किंवा एक्स्पोर्ट करायची सोय सापडेल. नावं अधूनमधून बदलतात, घाबरू नका. काळ 'ऑल टाइम' निवडा आणि फोटो-व्हिडिओचा दर्जा 'हाय' ठेवा, नाहीतर वडिलांचा चेहरा धुरकट होऊन हाती येईल. फाइलचा प्रकार 'एचटीएमएल' ठेवलात तर साध्या ब्राउझरमध्ये उघडून वाचता येईल. १३-१४ वर्षांचा ऐवज आहे, तयार व्हायला काही तास, कधी दिवसही लागतात, आणि तयार झालेली फाइल थोडेच दिवस ठेवतात. तेव्हा निरोप आला की लगेच उतरवून घ्या. हे काम घरच्या कॉम्प्युटरवर करा. महा ई-सेवा केंद्रातल्या पोराच्या मशीनवर नको. त्या फाइलमध्ये तुमचे सगळे खासगी मेसेजही असतात. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक मुलीकडे. फाइल नुसती आली म्हणून समाधान मानू नका, तो व्हिडिओ उघडून शेवटपर्यंत बघा. मगच पुढे.

जाता जाता, खातं २०११ चं आहे, तर त्याला जोडलेला मोबाइल नंबरही तेव्हाचाच नाही ना, हे तपासा. बंद पडलेला नंबर काही काळानं दुसऱ्याला दिला जातो, आणि मग ओटीपी कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या खिशात वाजतो.

दुसरी बाकी दुकानाची. दुकानाचं पेज तुमच्या वैयक्तिक खात्यावर उभं आहे आणि तुम्ही एकटेच त्याचे ॲडमिन आहात. खातं गेलं की पेजही जाईल. सोयाबीनवरच्या येलो मोझॅक रोगाचा सल्ला, परभणीच्या कृषी विद्यापीठानं सांगितलेल्या पेरणीच्या वेळा, हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेचा तुम्ही स्वतः केलेला व्हिडिओ, हे सगळं त्यात आहे. मी ते पेज बघितलं नाही, तुमच्या वर्णनावरून बोलतेय. पण या पेजवर तुम्ही कधी कुणाची जात विचारलेली दिसत नाही. ते जगायला हवं. मुलाला किंवा दुकानातल्या विश्वासू माणसाला पेजचा पूर्ण ताबा द्या, त्यानं तो स्वीकारलाय याची खात्री करा, मग स्वतःला बाजूला घ्या. फेसबुकनं लॉगिन केलेली इतर ॲप असतील तर तिथेही आधी ईमेल किंवा फोन नंबर जोडून ठेवा. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप ही वेगळी खाती आहेत, फेसबुकबरोबर ती जाणार नाहीत.

आणि व्हॉट्सॲपचं नाव निघालंच आहे तर. तुम्ही चौदा ग्रुपमध्ये आहात आणि त्यातले दोन 'समाजाचे' आहेत. ते वाक्य तुम्ही फेसबुकवर लिहिलंत खरं, पण ते शिजलं कुठे? त्या दिवशी दुपारपासून या दोन ग्रुपवर काय चाललं होतं, ते वर सरकवून एकदा वाचा. फेसबुक डिलीट करून हे दोन ग्रुप ठेवणार असाल, तर घागर बदलली, पाणी तेच. त्यातून निघा. "निघालो तर आपलीच माणसं नाव ठेवतील" असं तुम्ही म्हणाल. ठेवतील. ते सोसणार नसेल तर नुसतं म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका, कुणाला कळत नाही. हा थोडा भित्रा मार्ग आहे, पण लग्नघरात चालतो.

आता तिसरी बाकी. तिच्यासाठीच खरं तर एवढं लिहितेय.

पत्रात तुम्ही तीन वेळा म्हणता की फेसबुकनं माणसं तोडली. थोडं खरं आहे. भांडण जिथे पेटतं तिथे गर्दी जमते आणि गर्दीत जोर चढतो, हे पारावरही होतं आणि तिथेही. पण त्या रात्री त्याच पोस्टखाली तुमच्याच गावातले आणखी किती लोक वाचून गप्प बसले? तुमचा मित्रही गप्पच बसला. टाइप तुम्ही केलंत. हे मी टोचायला म्हणत नाही. दोष खात्याचा ठरवला की खातं उडवून प्रश्न मिटल्यासारखा वाटतो, आणि मग मित्राच्या घरची वाट चालायची गरज उरत नाही. वहिनींच्या सल्ल्यातली खोट हीच आहे. तोंड बंद ठेवून पुढचं नुकसान टळेल, पण मागची बाकी फेडायला तोंड उघडावंच लागतं. दीड वर्ष तुम्ही गप्प आहात, आणि त्या वाक्याइतकीच ही गप्पही त्याला लागली असेल.

दुसरी तुमची समजूत अशी की गिऱ्हाईक गेलं ते खात्यामुळे गेलं. खातं बंद केल्याचं कळलं की ते येईल, असा काहीसा हिशोब दिसतो. कळणार कुणाला? खातं गेल्याची दवंडी पिटत नाहीत. आणि तुम्ही स्वतः पिटणार असाल, "मित्रांनो, मी फेसबुक सोडतोय" अशी, तर कृपा करून नको. वारीला निघाल्यासारखे निरोप घेऊन पुढच्या एकादशीला परतलेले लोक आपण सगळ्यांनीच पाहिलेत. त्या पोस्टखाली दोन्ही बाजू पुन्हा जमतील, आणि तुमच्या निरोपाचाही स्क्रीनशॉट निघेल.

कमेंट तिथे अजून आहे का, हे तुम्ही सांगितलं नाही. असेल तर ती काढायची की ठेवायची यावर मी बराच विचार केला. वडिलांच्या नियमानं खोडू नये. पण वहीतली नोंद दुसऱ्याला लागत नाही, आणि ही रोज एका घराला लागत असेल. तेव्हा आजच काढा. मात्र काढली म्हणजे फिटलं असं समजू नका, उलट नोंद अजून बाकी आहे. एकच अपवाद. या वाक्यावरून पोलिसांत तक्रार झाली असेल किंवा होईल असं वाटत असेल, तर कमेंटला आणि खात्याला हात लावण्याआधी वकिलाला विचारा. पुरावा नष्ट केला असा अर्थ निघू शकतो.

उलट नोंद कुठे करायची? तुम्ही म्हणता, "पत्रिका द्यायला जाईन तेव्हा बोलेन." लग्न माघात आहे, पत्रिका निघतील, जाणं होईल. पण माझं ऐका, पत्रिकेबरोबर माफी नेऊ नका. हातात पत्रिका असली की समोरच्याला 'या, बसा' म्हणावंच लागतं. वहिनी कुंकू लावणार, चहा येणार, तो 'येतो की' म्हणणार, आणि दोघंही सुटल्यासारखे उठणार. लग्नाला तो येईलही. अक्षता टाकून, न जेवता जाईल.

त्याआधी येळवस आहे, मार्गशीर्ष अमावास्येचा शेतातला सण. तुमच्याकडे किती जोरात असते मला माहीत नाही, पण आमच्याकडे त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं, सगळी माणसं शेतात. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. त्या दिवशी वाटेवरच्या माणसालाही हाक मारून जेवायला बसवायची रीत आहे. त्या वादाआधीपर्यंत तुम्ही आणि तो एकमेकांच्या शेतात जात होतात, असं तुम्हीच लिहिलंय. गेल्या वर्षी गेला नाहीत. यंदा बोलावणं येणार नाही हे धरून चाला, आणि बोलावण्याशिवाय जा. एकटे जा. मुलाला नको, गावातला मध्यस्थ तर नकोच नको. मध्यस्थ आला की समाज आला.

काय बोलायचं? थोडं. "त्या रात्री मी जे लिहिलं ते चुकीचं होतं. तुझ्याबद्दल नव्हतं असं म्हणणार नाही, तुझ्याच पोस्टखाली होतं." एवढं पुरे. "तुझा मुलगाही मला काय बोलला" हे नको. तो पोरगा तेव्हा विशीतला होता आणि बापाच्या बाजूनं बोलला. तुमचा मुलगाही बोलला असता. उलट त्या पोराला समोर बोलावून त्याच्याशीही दोन शब्द बोला. तुम्ही वयानं वडील आहात, तेवढं तुमच्याकडे लागतं. आणि "दोन्हीकडून चुका झाल्या" हे वाक्य घरीच ठेवून जा. ते खरं असेल तरी त्या दिवशी ते तुमचं नाही, म्हणायचं तर त्यानं म्हणावं.

तो म्हणेल, "आत्ता कशाला आलास?" म्हणू शकतो. उठून बांधाकडे निघूनही जाईल. तसं झालं तर तुम्ही कोपीपाशी थोडं बसा, त्याच्या आईला नमस्कार करा, आणि घरी या. लगेच उत्तर मिळालंच पाहिजे अशी सवय आपल्याला फोननं लावलीय. शेतात ती चालत नाही.

आणि काहीही झालं तरी भज्जी खातानाचा दोघांचा फोटो कुठे टाकू नका.

मग चारचौघांतल्या बोलण्याचं काय? चावडीवर बोललेलं चावडीवरच मागे घ्यावं, या मताची मी आहे. म्हणून त्याच्याशी बोलून झाल्यावर, त्याला विचारून, खातं बंद करण्याआधी तुमच्या भिंतीवर तीन ओळी लिहा: अमुक रात्री मी अमक्या समाजाबद्दल जे लिहिलं ते मागे घेतो, चूक माझी होती. कारणं नाहीत, कविता नाही. मित्राचं नाव नाही. कमेंट कुणी करायची ते मर्यादित ठेवता येतं, तसं ठेवा. तुमच्याच बाजूचे काही जण 'विकला गेला' म्हणतील, त्यांना उत्तर देऊ नका. आठ दिवस ती पोस्ट राहू द्या. ज्यांनी तो स्क्रीनशॉट फिरवला, त्यातला एखादा हाही फिरवेल. पहिल्याइतका हा पळणार नाही, ही अपेक्षा ठेवूनच लिहा. मित्र म्हणाला, "नको, पुन्हा विषयच नको," तर लिहू नका. या बाबतीत त्याचा शब्द माझ्या मतापेक्षा मोठा.

या महिन्यात याच विषयाची आणखी दोन पत्रं आलीत. त्यांना वरचं सगळं लागू नाही, म्हणून थोडक्यात. परभणीच्या वसतिगृहातल्या मुली, जुना मित्र फोटोंवरून धमकावतोय म्हणून तू इन्स्टाग्राम डिलीट करायला निघालीस. थांब. आधी त्याचे सगळे मेसेज, त्याच्या प्रोफाइलची लिंक, तारखा, यांचे स्क्रीनशॉट घे, घरातल्या किंवा कॉलेजातल्या एका मोठ्या बाईला दाखव, सायबर पोलिसांत तक्रार दे, आणि मग काय ते. तुझ्या खात्यातला तो ऐवज पुरावा आहे. पुसलास तर त्याचंच फावेल. आणि हिंगोलीच्या काकू, यजमानांचं फेसबुक तुम्हाला वाढदिवसाच्या आठवणी दाखवत राहतं आणि ते सहन होत नाही. ते खातं डिलीटच करायला हवं असं नाही. मृत्यूचा दाखला देऊन कुटुंबीयांना ते 'स्मृतिखातं' करून मागता येतं. फोटो राहतात, वाढदिवसाच्या सूचना थांबतात. पासवर्ड माहीत असला तरी त्यांच्या नावानं आत जाऊन डिलीट करू नका, लेकींना एकदा विचारा.

परत तुमच्याकडे येते.

सगळं पार पडलं की 'अकाउंट्स सेंटर'मधल्या 'पर्सनल डिटेल्स'मध्ये जा, तिथे 'अकाउंट ओनरशिप अँड कंट्रोल' दिसेल, त्यात डिॲक्टिव्हेट आणि डिलीट हे दोन्ही पर्याय शेजारी असतात. घाईत भलता दाबला जातो, वाचून दाबा. पासवर्ड टाकल्यावर शेवटची तारीख दाखवतात, ती दुकानाच्या कॅलेंडरवर लिहा. त्या ३० दिवसांत रात्री फोन कुठे ठेवायचा ते वहिनी ठरवतील. त्यांना तेवढा अधिकार द्या. येळवशीनंतर आठ-दहा दिवसांनी दाबलंत, तर मुलीच्या हळदीपर्यंत खातं गेलेलं असेल. लग्नाचे फोटो कुठे टाकायचे ते मुलगी बघेल.

एक राहिलं. हुरड्याच्या त्या व्हिडिओबद्दल तुम्ही कंसात लिहिलंय की तो तुमच्या त्या मित्रानंच काढला होता, आणि शेवटी वडील कॅमेऱ्याकडे बघून त्याच्या नावानं हाक मारतात, "ये की आता, निवलं सगळं." फाइल उतरली की येळवशीला जाताना तो फोनमध्ये घेऊन जा. लगेच दाखवू नका. बोलणं झालं, आणि त्यानं बसवून घेतलं, तर निघताना त्याच्या फोनवर पाठवा.